कुणी सांगितलं म्हणून बघितला : सिनेमाविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

या महिन्याच्या टपालात "नुकताच अमुक बघितला, तसाच आणखी कुठला?" असं विचारणारी पत्रं जास्त आहेत. उत्तर देताना एकच कसोटी लावली आहे : तुम्ही तो कुणाबरोबर, कुठे आणि कशावर बघणार. ते ठाऊक नसताना नुसता 'चांगला सिनेमा' सांगण्याला अर्थ नाही. कुठला चित्रपट कोणत्या ॲपवर आहे, हे मुद्दाम दिलेलं नाही. हक्कांचा करार संपला की चित्रपट एका ॲपवरून दुसऱ्यावर जातो. टीव्हीच्या शोधपट्टीत नावाचं इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी टाका, सोबत साल किंवा दिग्दर्शकाचं नाव जोडा, म्हणजे सापडतो.

आमच्या सासूबाई मराठी, मी धारवाडकडची, माहेरची भाषा कन्नड. रविवारी सगळे मिळून बघतो, खरं एकाला कळतं ते दुसऱ्याला कळत नाही. 'कांतारा' हिंदीत बघितला तो मात्र सगळ्यांना आवडला. आता पुढं काय बघू?
एक वाचक भगिनी, टिळकवाडी, बेळगाव

'कांतारा' (२०२२) तुमच्या घरात चालला, कारण त्यातली जमीन, जंगल, दैव (गावाचा राखणदार देव) आणि कोला (त्या दैवाचा नृत्यविधी) हे सगळं डोळ्यांनी कळतं. एखादा संवाद निसटला तरी गोष्ट हातातून सुटत नाही. पुढची निवडही अशीच करा. शब्दांच्या कोट्यांवर चालणारा विनोदी सिनेमा दोन भाषांच्या घरात पहिल्या दहा मिनिटांत फसतो. एकजण हसतो, दुसरा "काय म्हणाला?" विचारतो आणि सांगेपर्यंत पुढचा विनोद होऊन गेलेला असतो.

सुरुवात जयशंकर आर्यर यांच्या 'शिवम्मा'ने (२०२२) करा. कोप्पळ जिल्ह्यातल्या यरेहंचिनाळ गावात शाळेचं बिसिऊट (मुलांचं दुपारचं जेवण) शिजवणारी एक बाई आरोग्यपेयाच्या साखळी-विक्रीत पैसे घालते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही त्यात ओढते. बुसानच्या महोत्सवात याला मुख्य स्पर्धेचा पुरस्कार मिळाला. भाषा उत्तर कर्नाटकातली आहे. तुम्हाला ती माहेरची वाटेल, आणि रविवार पेठेत बाजार करणाऱ्या सासूबाईंनाही निम्मी तरी कळेल. त्या साखळी-विक्रीचं गणित तर आपल्याकडच्या कुठल्याही गावात समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा राम रेड्डी यांचा 'तिथी' (२०१५). एकशे एक वर्षांचा म्हातारा वारतो आणि अकराव्या दिवसापर्यंत मुलगा, नातू, पणतू आपापल्या नादात असतात. कलाकार सगळे गावातलेच, अभिनय हा कुणाचा धंदा नाही. याची कन्नड मंड्याकडची आहे, धारवाडच्या कानालाही ती चटकन पकडत नाही. त्यामुळे घरात सगळेच तळपट्टी (सबटायटल्स) वाचतात आणि कुणी कुणाचा दुभाषी होत नाही. पहिल्याच दृश्यात म्हातारा येणाऱ्या-जाणाऱ्याला शिव्या घालत बसलेला आहे, तेव्हा लहान मुलं झोपल्यावर लावा.

तुमच्यासाठी मराठीतला 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४). परेश मोकाशींचा हा सिनेमा पंढरपुरात, कार्तिकी यात्रेच्या गर्दीत घडतो, आणि पंढरपूर काही धारवाडला परकं नाही. त्यानंतर अविनाश अरुण यांचा 'किल्ला' (२०१४) : कोकणातला पाऊस, बदली होऊन आलेली आई आणि नव्या शाळेत रुळू न शकणारा मुलगा. यात शब्द कमीच आहेत.

सासूबाईंना इंग्रजी तळपट्टी वाचता येत नसेल, तर प्रत्येक वाक्य भाषांतर करून सांगू नका. सांगणारा दमतो आणि ऐकणाऱ्याचं पडद्यावरचं लक्ष उडतं. सुरू करण्याआधी तीन वाक्यांत कोण कुणाचं कोण ते सांगा, मध्यंतराला थांबवून पुन्हा तीन वाक्यं सांगा. बाकीचं चेहरे सांगतात. हिंदी आवाजातलाच हवा असेल तर '७७७ चार्ली' (२०२२) घ्या. अडीच तासांहून मोठा आहे आणि कुत्र्याच्या आजाराची गोष्ट आहे. घरात नुकतंच पाळीव जनावर गेलं असेल, तर सहा महिने थांबा.

'दशावतार' बघून आलो. डोक्यातनं जात नाही. असंच काही आणखी सांगा.
एक वाचक, खानापूर

सुबोध खानोलकरांच्या 'दशावतार'मधलं (२०२५) नेमकं काय डोक्यात राहिलं, त्यावर पुढचं ठरेल. जमीन आणि दैवत यांचा संबंध राहिला असेल, तर वर सांगितलेला 'कांतारा', आणि तोही मूळ कन्नडमध्ये. हिंदी आवाजात किनारपट्टीची बोली सपाट होऊन जाते आणि ढोलाचा तालही संवादाखाली दबतो.

दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला कलावंत राहिला असेल, तर रवी जाधव यांचा 'नटरंग' (२०१०). आनंद यादवांच्या कादंबरीवरचा, कागलकडचा, म्हणजे निपाणीच्या वेशीपलीकडचाच. शेतमजूर पैलवान तमाशात नाच्या होतो. त्यासाठी अतुल कुलकर्णींनी आधी पैलवानाचं आणि मग नाच्याचं शरीर कमावलं. त्यांचा जन्म बेळगावचा, आणि कन्नडमध्येही त्यांनी मोठं काम केलेलं आहे. 'आ दिनगळु' (२००७) जमला तर बघा. तो बेंगळुरूच्या गुन्हेगारी जगाचा आहे, तेव्हा 'नटरंग'सारखं काही त्यात शोधू नका.

बापलेकाचं नातं राहिलं असेल, तर रोहन कानवडे यांचा 'साबर बोंडं' (२०२५). वडील गेल्यावर मुंबईचा मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो आणि तिथं जुन्या मित्राशी त्याचं प्रेम जुळतं. सनडान्स महोत्सवातला जागतिक कथाचित्रपटांचा सर्वोच्च पुरस्कार याला मिळाला. संथ आहे, पार्श्वसंगीताच्या आधाराने चालत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बघा.

आमच्या मित्रमंडळात सगळे "लई भारी", "चुकवू नका" एवढंच लिहितात. त्यावर विसंबून बघितलेले निम्मे फुकट गेले. दुसऱ्याला सिनेमा सांगायचा कसा?
एक वाचक, शहापूर, बेळगाव

"भारी" यात माहिती काहीच नाही. वाचणाऱ्याला चार-पाच गोष्टी हव्या असतात : भाषा कोणती आणि तळपट्टी लागेल का, लांबी किती, पहिला अर्धा तास कसा जातो, कुणाबरोबर बघावा आणि कशाबद्दल आधी सावध करायला हवं. गोष्ट पहिल्या वीस मिनिटांपलीकडे सांगायची नाही.

नमुना म्हणून चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४) घेऊ. "मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी चारही भाषा आहेत, तळपट्टी लागेल. दोन तासांना चार मिनिटं कमी. एका वयस्क लोकशाहिरावर खटला भरला जातो की त्याच्या गाण्यामुळे गटारसफाई करणाऱ्या कामगाराने जीव दिला. कॅमेरा एका जागी ठेवलेला असतो, दृश्यं लांब आहेत, जोरदार युक्तिवाद नाहीत, तारखा पडत राहतात. जेवणानंतर रात्री दहाला लावाल तर झोपाल, रविवारी सकाळी बघा. वकील कोर्टाबाहेर काय करतात त्या भागांत 'हे कशाला?' वाटेल, पण सिनेमाचं वजन तिथंच आहे." एवढं वाचल्यावर ज्याला बघायचा तो तयारीने बघतो आणि ज्याला नको तो वेळीच थांबतो. दोघांचंही काम झालं.

सगळ्यात जास्त चूक होते ती 'सावध करण्या'त. संदीप सावंत यांचा 'श्वास' (२००४) "लहान मुलाचा सिनेमा" म्हणून सांगितला जातो. मुलगा त्यात आहे खरा, पण डोळ्याच्या कर्करोगामुळे त्याची दृष्टी जाणार आहे आणि आजोबा त्याला जग दाखवत फिरतात. घरात कुणी इस्पितळातून नुकतं आलं असेल तर हे आधी सांगायलाच हवं. त्याने सिनेमा फुटत नाही, कारण मुलाचं काय होणार हे तुम्हाला लवकरच कळतं.

आणखी एक. नावडलेला सिनेमाही नेमक्या कारणासकट सांगा. "मला आवडला नाही, कारण शेवट घाईत गुंडाळलाय" यातून दुसऱ्याला ठरवता येतं. "बकवास" यातून फक्त भांडण होतं.

टीव्हीवर संवाद ऐकू येत नाहीत. आवाज वाढवला की गाणं आणि मारामारी घर डोक्यावर घेतात. टीव्ही नवीन आहे, तरी असं का?
एक वाचक, निपाणी

टीव्हीत बिघाड नाही. चित्रपटाचा आवाज बहुतेकदा ५.१ म्हणजे सहा वाहिन्यांत बांधलेला असतो आणि संवाद प्रामुख्याने मधल्या वाहिनीवर असतात. तुमच्या टीव्हीला दोनच स्पीकर आहेत. सहा वाहिन्या दोनांत कोंबताना संवाद संगीताखाली जातात. भर म्हणून पातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात, म्हणजे आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग तुमच्याकडे येतो.

करायचं ते या क्रमाने करा. ॲपमध्ये चित्रपट चालू असताना आवाज आणि तळपट्टीची निवड उघडा. तिथं त्याच भाषेचे दोन पर्याय असतील, एकापुढे ५.१ लिहिलेलं आणि एकापुढे काहीच नाही. काहीच न लिहिलेला घ्या. निम्म्या घरांत प्रश्न इथंच मिटतो. मग टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा तशा नावाचा पर्याय चालू करा आणि 'सराउंड' बंद करा. सराउंडमुळे आवाज पसरतो आणि बोलणं पुसट होतं. 'नाइट मोड' असेल तर तोही लावा. मोठे आवाज खाली आणि लहान आवाज वर आणणं हेच त्याचं काम. टीव्ही कपाटाच्या खणात आत सरकवलेला असेल तर कडेपर्यंत पुढे ओढा.

एवढं करूनही भागलं नाही तर साउंडबार घ्या, पण मधली वाहिनी स्वतंत्र असलेला, म्हणजे ३.१ किंवा वरचा. २.१ चा घेतलात तर धडधड वाढेल आणि संवाद होते तिथंच राहतील. साउंडबारची केबल टीव्हीमागच्या ज्या खोबणीवर 'एआरसी' लिहिलंय तिथंच लावा, शेजारच्या खोबणीत लावली तर आवाज येत नाही.

त्याच बैठकीत चित्राचीही एक गोष्ट करून टाका. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींवर (फ्रेम) चित्रित होतो. नवे टीव्ही मधल्या चौकटी स्वतः बनवून घालतात, त्यामुळे हालचाल गुळगुळीत होते आणि चांगला सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. सेटिंगमध्ये 'मोशन' नावाचा जो काही पर्याय असेल तो शून्यावर आणा, किंवा 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो निवडा. क्रिकेटला पुन्हा चालू केलात तरी हरकत नाही.

पावसाळ्यात आमच्या गावात नेट अर्ध्यात थांबतं. सिनेमा तीनदा गोल फिरून बंद पडतो. काही उपाय?
एक वाचक, खानापूर तालुका

आधी वेग मोजा, पण सकाळी नाही, तुम्ही बघता त्या वेळी, रात्री नऊच्या सुमारास, टीव्हीजवळ उभं राहून. एचडी चित्राला साधारण ५ एमबीपीएस आणि ४के ला १५ एमबीपीएस स्थिर मिळायला हवेत. सरासरी २० आणि मध्येच १ असं होत असेल तर तो २० काही कामाचा नाही.

डेटा साधारण असा जातो : साध्या दर्जाला तासाला १ जीबी, एचडीला ३ जीबीपर्यंत, ४के ला ७ जीबीपर्यंत. मोबाइलच्या रोजच्या दीड-दोन जीबीत एचडी सिनेमा पुरा होत नाही आणि मर्यादा संपल्यावर वेग इतका पडतो की नेट गेल्यासारखं वाटतं. ॲपमध्ये दर्जा 'ऑटो'वर न ठेवता हाताने मध्यम करा. ३२ इंची टीव्हीवर दहा फुटांवरून फार फरक दिसत नाही.

जाड चिऱ्याच्या किंवा मातीच्या भिंती असतील तर राउटरची २.४ गीगाहर्ट्झची वाहिनी घ्या, ती भिंतीतून जास्त जाते. राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत असतील तर ५ गीगाहर्ट्झची. राउटर पोत्यांमागे किंवा फ्रिजमागे नको, उंच फळीवर हवा. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे बाजारच्या दिवशी खानापुरात किंवा बेळगावात चांगल्या वायफायवर मोबाइलमध्ये उतरवून घेणं. उतरवलेला सिनेमा ठरावीक दिवसांनी आपोआप जातो, आणि काही वेळा 'प्ले' दाबल्यावर ४८ तासांचीच मुदत राहते. अर्धा बघून पुढच्या आठवड्यावर ठेवू नका.

आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याला एक चांगला सिनेमा दाखवायचा विचार आहे. सत्तर-ऐंशी माणसं बसतात. काय काय लागेल, आणि घरचंच ॲप लावलं तर चालेल का?
तरुण मंडळाचे कार्यकर्ते, येळ्ळूर

घरचं ॲप चालणार नाही. ॲपची वर्गणी आणि विकत घेतलेली डीव्हीडी दोन्ही घरगुती बघण्यापुरत्या असतात. तिकीट न लावता दाखवलं तरी ते सार्वजनिक प्रदर्शनच होतं आणि त्याला हक्कधारकाची लेखी परवानगी लागते. लहान चित्रपटांचे निर्माते-दिग्दर्शक अशा खेळांना पुष्कळदा राजी होतात. पत्रात तारीख, जागा, आसनं किती, तिकीट आहे की मोफत, आणि फाइल कुठल्या स्वरूपात हवी एवढं स्पष्ट लिहा. उत्तर येईपर्यंत फलक लावू नका. नियमित चालवायचं असेल तर फिल्म सोसायटी म्हणून नोंदणी करा. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया १९५९ पासून हेच काम करते आणि सत्यजित राय तिचे पहिले अध्यक्ष होते. सोसायटीच्या नावाने पत्रव्यवहार केला की दारं लवकर उघडतात.

ॲप न चालण्याचं एक तांत्रिक कारणही आहे, ते ऐनवेळी घात करतं. ॲपवरच्या चित्राला कॉपीरोधक कुलूप असतं. जुना प्रोजेक्टर किंवा व्हीजीए जोडणी मध्ये आली की आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. मोबाइलवरून आरसा पाडला (मिररिंग केलं) तरी तसंच होतं. म्हणून परवानगीसोबत निर्मात्याकडून साधी एमपी४ फाइल मागून घ्या, पेनड्राइव्हवर दोन प्रती ठेवा आणि आदल्या दिवशी पूर्ण चालवून बघा. पहिली पाच मिनिटं बघून थांबू नका, फाइल कित्येकदा शेवटाकडे खराब निघते.

पडदा आठ ते दहा फूट रुंद पुरे. आठ फूट रुंदीला साडेचार फूट उंची येते. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर ठेवा, नाहीतर मागच्यांना तळपट्टीऐवजी पुढच्यांची डोकी दिसतात. तळपट्टी वाचता न येणं हेच अशा खेळांतून लोक उठून जाण्याचं मोठं कारण आहे. कापड पांढरं, न चमकणारं, आणि खालच्या शिवणीत पाइप घालून ताणलेलं हवं. चमकदार ऑइलपेंटची भिंत नको, मधे प्रकाशाचा डाग पडतो.

प्रोजेक्टर ३,००० एएनएसआय ल्युमेनचा घ्या. 'एएनएसआय' हा शब्द महत्त्वाचा आहे. स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावर नऊ हजार ल्युमेन छापलेलं असतं, ते मोजमाप वेगळंच असतं आणि हॉलमध्ये चित्र मिणमिणतं. अंतर काढायचं सूत्र सोपं आहे : प्रोजेक्टरचा 'थ्रो रेशो' गुणिले पडद्याची रुंदी. रेशो १.५ आणि पडदा ८ फूट असेल तर १२ फूट. भाड्याने घ्यायच्या आधी रेशो विचारा, नाहीतर प्रोजेक्टर नेमका तिसऱ्या रांगेच्या मध्ये येतो. तो समोरासमोर आणि पातळीत ठेवा. तिरका ठेवून 'कीस्टोन'ने सरळ केलेलं चित्र चौकोनी दिसतं, पण अक्षरं फिकट होतात.

आवाज प्रोजेक्टरच्या पोटातल्या स्पीकरवर सोडू नका. पडद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक असे दोन स्पीकर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीच्या जरा वर, आणि तेही वायरने. ब्लूटूथवर आवाज मागे पडतो, ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतो. फरशीचा मोकळा हॉल घुमतो, म्हणून खाली जमखाने अंथरा आणि मागच्या भिंतीला जाड पडदे किंवा चादरी लावा. गणपतीच्या मंडपातली मोठी यंत्रणा आणू नका. ती भाषण आणि गाण्यासाठी असते, कुजबुज तिच्यावर ऐकू येत नाही.

वीज गेली तर दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखाही बंद पडतो आणि तापलेला दिवा लवकर उडतो. एक केव्हीएचा यूपीएस मध्ये घाला. सिनेमा त्यावर चालवायचा नाही, नीट बंद करायला पाच मिनिटं मिळवायची.

पहिला खेळ परेश मोकाशींच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'चा (२००९) करा. दादासाहेब फाळके १९१३ साली पहिला चित्रपट कसा उभा करतात त्याची ही गोष्ट आहे, आजोबा आणि नातू दोघेही बघतात, आणि दीड-दोन तासांत संपते. पहिल्याच महिन्यात जड सिनेमा लावलात तर दुसऱ्या महिन्यात खुर्च्या रिकाम्या राहतील.

'यूए १३+' लिहिलेल्या सिनेमाला नऊ वर्षांच्या मुलीला नेता येतं का?
एक पालक, चिकोडी

नेता येतं. २०२४ च्या नोव्हेंबरपासून जुन्या यूए चे तीन भाग झाले : ७+, १३+ आणि १६+. हे पालकांना दिलेले इशारे आहेत, निर्णय तुमचा. 'ए' मात्र बंदी आहे. अठराखालच्या मुलाला पालकांबरोबरही आत सोडत नाहीत, आणि तिकिटाचे पैसे परत मिळतीलच असं नाही.

नऊ वर्षांच्या मुलीला 'नाळ' (२०१८) आणि 'एलिझाबेथ एकादशी' बिनधास्त दाखवा. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) तेरा-चौदाव्या वर्षापर्यंत राखून ठेवा. जातीमुळे मुलाचा होणारा अपमान आणि शेवटचा दगड, दोन्हींवर नंतर बोलायला मोठं माणूस शेजारी हवं. दाखवाल त्या रात्री घाईने झोपवू नका.

जुने कन्नड सिनेमे बघायचेत. 'संस्कार' लावला, अर्ध्यात सोडला. बघितला तेवढा पण कळला नाही. कुठनं सुरू करू?
एक वाचक, अथणी

'संस्कार' (१९७०) हा शेवटी बघायचा. सुरुवात गिरीश कासरवळ्ळी यांच्या 'तबरन कथे'ने (१९८६) करा. नगरपालिकेतला साधा नोकर निवृत्त होतो, बायको आजारी आहे आणि पेन्शनचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. तालुका कचेरीची पायरी चढलेल्या कुणालाही यातलं काही समजावावं लागत नाही. मग त्यांचाच 'घटश्राद्ध' (१९७७), कृष्णधवल : अग्रहारातली (ब्राह्मणवस्तीतली) तरुण विधवा, एका लहान विद्यार्थ्याच्या डोळ्यांतून. पोरगं जेवढं समजतं तेवढंच आपल्याला दिसतं, म्हणून घाई करू नका. हे दोन्ही, शिवाय 'तायी साहेब' (१९९७) आणि 'द्वीप' (२००२), असं चारदा कासरवळ्ळींना सुवर्णकमळ मिळालं. 'तबरन कथे' आणि 'घटश्राद्ध' झाले की 'संस्कार'कडे परत या. ज्याने सगळे आचार मोडले त्याचं प्रेत पडून आहे आणि अंत्यसंस्कार कुणी करायचे यावर अग्रहार अडलं आहे. त्या अडण्याचं वजन 'घटश्राद्ध' बघितल्यावर लक्षात येतं. यू. आर. अनंतमूर्ती हे दोन्हींचे मूळ लेखक.

'संस्कार'मधले प्राणेशाचार्य म्हणजे गिरीश कर्नाड. जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'मध्ये (१९८२) स्मिता पाटील यांचा नवरा तेच. दोन्ही एका आठवड्यात बघा, नट भाषा बदलतो तेव्हा अंगात काय बदलतं ते दिसतं.

जुन्या चित्रपटांत एक दोष हमखास आढळतो. मूळ चौकट ४:३ म्हणजे जवळपास चौकोनी असते. चढवणाऱ्याने ती रुंद पडद्यावर ताणली असेल तर माणसं बुटकी आणि चेहरे रुंद दिसतात. टीव्हीच्या चित्र-आकारात ४:३ निवडा, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या की चित्र बरोबर आहे. डोक्याचा वरचा भाग किंवा हनुवटी कापलेली दिसली तर ती प्रत मुळातच छाटलेली आहे. सेटिंगने ती सुधारत नाही, दुसरी शोधा.

आधी 'सैराट' की 'मनसु मल्लिगे'?
एक वाचक, संकेश्वर

आधी 'सैराट' (२०१६). 'मनसु मल्लिगे' (२०१७) हे त्याचंच कन्नड रूप, नायिका दोन्हींत रिंकू राजगुरूच. लगोलग बघू नका, दुसऱ्याचा शेवट हातचा जातो.

जुन्या डीव्हीडीवरनं घेतलेल्या फाइलची तळपट्टी सुरुवातीला जुळते, नंतर मागं पडते.
एक वाचक, बैलहोंगल

फाइल सेकंदाला २५ चौकटींची आणि तळपट्टी २४ ची आहे. दोन तासांच्या सिनेमात हा फरक पाच मिनिटांच्या जवळ जातो. व्हीएलसीमध्ये 'जी' आणि 'एच' दाबून तळपट्टी पुढे-मागे सरकते, पण त्याने फक्त एकसारखा फरक सुटतो, वाढत जाणारा नाही. तळपट्टीची वेळ बदलणाऱ्या मोफत प्रोग्राममध्ये २४ चं २५ करून घ्या. अक्षरांऐवजी चौकोन दिसत असतील तर तीच फाइल 'यूटीएफ-८' मध्ये पुन्हा जतन करा.

मराठी सिनेमा बेळगावात लागतो आणि चार दिवसांत उतरतो. कधी जावं?
एक वाचक, अनगोळ

शुक्रवार ते रविवारच्या गर्दीवर सोमवारनंतरचे खेळ ठरतात. म्हणून बघायचाच असेल तर पहिल्या शनिवार-रविवारी बघा, "पुढच्या आठवड्यात जाऊ" म्हणजे बहुतेकदा कोल्हापूर गाठावं लागतं. पुढच्या आठवड्याचं वेळापत्रक बुधवार-गुरुवारी दिसायला लागतं, तेव्हा एकदा बघून ठेवा. पन्नास-साठ माणसं नक्की येणार असतील तर चित्रपटगृहाच्या व्यवस्थापकाला आठवडाभर आधी भेटा. सकाळच्या रिकाम्या खेळाला ते पुष्कळदा तयार होतात. तिकीट शंभर रुपयांपर्यंत असेल तर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के, शंभरावर १८ टक्के. सकाळचा खेळ स्वस्त पडण्याचं तेही एक कारण आहे.

गोव्याच्या महोत्सवाला दोन दिवस जायचं आहे. तयारी काय?
दोन मैत्रिणी, हिंडलगा

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात, दर नोव्हेंबरच्या उत्तरार्धात भरतो. प्रतिनिधी-नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते, दारात तिकीट मिळेल या भरवशावर जाऊ नका. आसनं मोबाइलवरून आदल्या दिवशी राखायची आणि चांगल्या सिनेमांची काही मिनिटांत संपतात, म्हणून प्रत्येक वेळेला दुसरी पसंती लिहून ठेवा. दिवसाला तीन सिनेमे ठरवा, चार नकोत. दोन खेळांमध्ये किमान पाऊण तास ठेवा, नाहीतर पहिल्याचा शेवट सोडून पळावं लागतं. परदेशी सिनेमांना तळपट्टी इंग्रजीच असते. जाताना चोर्ला घाटाने गेलात तरी परतताना रात्रीचा शेवटचा खेळ बघून लगेच निघू नका. पणजीत मुक्काम करा आणि सकाळी घाट चढा.